कानाचे मशीन, रेडिओ आणि विमानातली बंदी

२०११ सालची गोष्ट. बाबांना घेऊन मी इंदूरहून मुंबईला निघालो होतो. त्यांचा पहिलाच विमानप्रवास. दार बंद झाले, सर्व इलेक्ट्रॉनिक उपकरणे बंद करण्याची सूचना झाली आणि बाबांनी माझ्याकडे बघत कानातले मशीन काढले. "हेही इलेक्ट्रॉनिकच ना रे?" नोकरी सरकारी असली तरी डिप्लोमा माझा इलेक्ट्रॉनिक्सचाच. मी म्हणालो, "हो बाबा, ठेवा खिशात." पुढचा सारा वेळ ते खिडकीतून ढग बघत बसले. मी काय बोलतो ते त्यांना कळेना, आणि थोड्या वेळाने मीही बोलणे सोडले.

माझे उत्तर चूक होते. आपल्या विमान नियमावलीतल्या २९-ब या नियमात श्रवणयंत्र, पेसमेकर, आवाज टिपण्याचे यंत्र आणि दाढीचे विजेवरचे यंत्र यांना सूट दिलेली होती. अमेरिकेच्या १९६६ च्या नियमातही हीच चार नावे सापडतात. हे वाचले तेव्हा आधी स्वतःचा राग आला. मग बंदी आली तरी कुठून, हे शोधावेसे वाटले.

बंदीचे मूळ मोबाइलमध्ये नाही, ट्रान्झिस्टरमध्ये आहे. १९५४ साली अमेरिकेत खिशात मावणारा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ विक्रीला आला आणि काही वर्षांतच छोटे एफएम रेडिओही आले. लोक ते घेऊन विमानात बसू लागले. त्या काळी विमानाला दिशा दाखवायची ती व्हीओआर नावाची जमिनीवरची केंद्रे. त्यांच्या लहरी १०८ ते ११८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात, म्हणजे एफएमचा ८८ ते १०८ चा पट्टा संपतो तिथून लगेच पुढे.

आता कोणी म्हणेल, रेडिओ तर फक्त ऐकतो, त्याचा त्रास कसा व्हावा? इथेच गंमत आहे. हवे ते केंद्र पकडण्यासाठी एफएम रेडिओत एक छोटा ऑसिलेटर असतो आणि तो बहुधा केंद्राच्या आकड्यापेक्षा १०.७ मेगाहर्ट्झ वर चालतो. म्हणजे आपण इंदूरला ९८.३ लावले की रेडिओच्या पोटात १०९.० ची लहर तयार होते. १०९.० ही व्हीओआरच्याच पट्ट्यातली जागा. जुन्या रेडिओंच्या डब्याला आतून आडोसा नसे, त्यामुळे ही लहर थोडीफार बाहेर गळे. ती फार क्षीण असे हे खरे, पण दूरच्या केंद्राचा संदेशही विमानापर्यंत क्षीण होऊनच पोचतो आणि प्रवासी तर विमानाच्या अँटेनापासून हाकेच्या अंतरावर. अमेरिकेच्या हवाई खात्याने १९६१ मध्ये विमानात एफएम रेडिओला बंदी केली. १९६३ मध्ये तज्ज्ञ समितीचा अहवाल आला आणि १९६६ मध्ये सर्वच उपकरणांसाठी व्यापक नियम झाला. तेव्हाची भीती पोकळ नव्हती, एवढे इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला कोणीही सांगेल.

मोबाइलची कथा निराळी. १९९१ साली अमेरिकेत उडत्या विमानातून मोबाइल लावायला जी मनाई झाली, ती दळणवळण खात्याने केली, हवाई खात्याने नव्हे. त्यांना काळजी जमिनीवरच्या टॉवरांची. दहा किलोमीटर उंचीवरचा एक फोन एकाच वेळी कितीतरी टॉवरांना दिसतो आणि त्यांची घडी विस्कटते. दोन खात्यांचे दोन हेतू, पण प्रवाशाच्या कानावर पडली ती एकच सूचना. सरकारी नोकरीत हा प्रकार मी अनेकदा पाहिला आहे!

पण धोका सिद्ध झाला का? १९९५ मध्ये एका बोईंग ७३७ चा ऑटोपायलट आपोआप सुटू लागला आणि संशय एका प्रवाशाच्या लॅपटॉपवर गेला. बोईंगने तो लॅपटॉपच विकत घेतला. प्रयोगशाळेत तपासला तर विमानातील उपकरणांसाठी बोईंगने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा तो जास्त लहरी सोडत होता. मग तेच विमान आणि तोच लॅपटॉप घेऊन दोन चाचणी उड्डाणे केली. काहीही झाले नाही. दुसऱ्या बाजूला न्यूझीलंडचा अपघात आहे. जून २००३ मध्ये क्राइस्टचर्चजवळ उतरताना एक छोटे विमान धावपट्टीच्या अलीकडे कोसळले आणि आठ जण गेले. वैमानिकाचाच मोबाइल घरी जोडलेला होता. त्यामुळे उपकरणांनी चुकीचे दाखवले असावे, ही शक्यता चौकशी अहवालाने नोंदवली, ठाम निष्कर्ष काढला नाही.

लोक नियम पाळत होते अशातलाही भाग नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ मध्ये लहरी मोजणारे यंत्र घेऊन अमेरिकेत विमानप्रवास केले, तर सरासरी दर फेरीत एक ते चार फोन लागत असल्याचे दिसले. मंडपात माइकजवळ फोन ठेवला की रिंग वाजण्याआधी कर्ण्यातून टर्र-टर्र आवाज यायचा, हे आपल्या मंडळातल्या जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. वैमानिकांच्या हेडफोनमध्ये हाच आवाज येई.

शेवटी ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकेने फ्लाइट मोडमधील उपकरणांना संपूर्ण प्रवासात मुभा दिली. पुढच्या एप्रिलमध्ये भारतानेही दिली. नवी विमाने वीज आणि शक्तिशाली रडार झेलण्यासाठी बांधलेली असतात, त्यांच्यापुढे खिशातल्या फोनचे काय चालणार!

तरीही विषय संपला नाही. २०१४ मध्येच अमेरिकेने १,३२६ बोईंग विमानांच्या कॉकपिटमधील पडदे पाच वर्षांत बदलण्याचा आदेश काढला, कारण वायफायच्या चाचणीत ते क्षणभर कोरे झाले होते. आणि जानेवारी २०२२ मध्ये ५जी मुळे एअर इंडियाला अमेरिकेच्या काही फेऱ्या रद्द कराव्या लागल्या. विमानाची जमिनीपासूनची उंची मोजणारे यंत्र ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झवर चालते आणि तिथल्या ५जी चा पट्टा त्याच्या खालीच. त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्या दूरसंचार खात्याने कंपन्यांना कळवले, की धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटरपर्यंत या पट्ट्यातले ५जी टॉवर उभारू नका. त्या वेळी चर्चेत आलेल्या विमानतळांत आपले पुणे आणि नागपूरही होते. म्हणजे प्रवाशाच्या खिशातली काळजी आता धावपट्टीच्या कुंपणाबाहेर जाऊन बसली आहे.

२०१६ मध्ये बाबांना पुन्हा विमानाने नेले. या वेळी मशीन कानातच होते. उतरताना खालून चाके बाहेर पडल्याचा धडाड आवाज झाला तसे ते दचकले आणि माझा हात धरून म्हणाले, "मागच्या वेळी हे नव्हते रे."