मेळघाटातील दूरवैद्यक आणि दुभाषी परिचारिका

दूरवैद्यकाचा इतिहास बहुधा यंत्रांच्या अनुक्रमाने सांगितला जातो : प्रथम तार, मग दूरध्वनी, मग उपग्रह, आणि आता मोबाइल. अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा हे तालुके, आणि व्याघ्रप्रकल्पातून उठून अकोला जिल्ह्यातील अकोट-तेल्हारा भागात वसलेली कोरकू गावे, यांच्यापुरता तरी हा अनुक्रम अपुरा आहे. येथे रुग्णाचे शब्द वैद्यापर्यंत प्रथम माणूस नेतो. यंत्राचे काम त्यानंतरचे. रुग्णाच्या सुरक्षिततेचा विचारही त्या माणसापासूनच सुरू केला पाहिजे.

ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात (१९०६) कोरकूची गणना मुंडा भाषांत केली आहे. नॉर्मन झाइड यांनी १९६० साली तिच्या ध्वनिव्यवस्थेवर प्रबंध लिहिला, तर के. एस. नागराज यांचे व्याकरण १९९९ मध्ये आले. भाषाभ्यासकांना ही भाषा अपरिचित नव्हती. आरोग्यखात्याच्या कागदांत मात्र तिला क्वचितच स्थान मिळाले. १९९३ मध्ये मेळघाटातील बालमृत्यूंचा बोभाटा झाला, तेव्हा चर्चा अन्नाची, रस्त्यांची व वैद्यांच्या रिक्त जागांची झाली, आणि ती रास्तच होती. आई कोणत्या भाषेत दुखणे सांगते, हा प्रश्न मागे राहिला. २००५ नंतर गावातलीच स्त्री ‘आशा’ म्हणून नेमली जाऊ लागली, तेव्हा दुभाषाचे काम कोणीही न सांगता तिच्याकडे आले.

२०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत होऊ लागले व तेथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमले गेले. नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘ई-संजीवनी’ सुरू झाल्यावर उपकेंद्रातील अधिकारी दूरच्या वैद्याशी पडद्यावरून बोलू लागला. २५ मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी रुग्णाची ओळख, संमती, औषधांच्या याद्या आणि नोंदी यांचे नियम घालून दिले. सूचना चांगल्या आहेत. परंतु कोरकू आईचे बोलणे ‘आशा’ हिंदीत सांगते, अधिकारी ते मराठीत मांडतो आणि वैद्य त्यावरून औषध लिहितो, या साखळीतील भाषांतराची नोंद ठेवण्याचा दंडक त्यांत नाही.

एक उदाहरण कल्पून पाहावे. कोरकूत एकवचन व बहुवचन यांच्याबरोबर द्विवचनही आहे, आणि ‘आपण दोघे’ व ‘आम्ही दोघे’ यांस निरनिराळी सर्वनामे आहेत. अंगावर तान्हे मूल असलेली आई म्हणाली की आम्हा दोघांना ताप आहे, आणि हिंदीत त्याचे ‘हमको बुखार है’ झाले, तर ‘हम’ एकवचनीही वापरला जात असल्याने ऐकणारा एकट्या आईचाच ताप टिपून घेईल. मुलाचा ताप व्याकरणातच हरवतो. खोलीत बसलेली परिचारिका मुलाच्या कपाळाला हात लावून ही चूक सहज सुधारते. पडद्यापलीकडच्या वैद्याला तो हात नाही.

मराठीभाषक रुग्ण यातून सर्वस्वी सुटला, असेही नाही. ‘जीव घाबरा होतो’ या वाक्यात भीती, मळमळ, धाप आणि हृदयविकार यांपैकी काहीही असू शकते. त्याहून घातक जोडी ‘पाव’ आणि ‘पाऊण’ यांची. तुटक आवाजात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी ऐकू येण्यास वेळ लागत नाही, आणि मात्रा एकदम तिप्पट होते किंवा एकतृतीयांशावर येते. आपल्या अपूर्णांकवाचक शब्दांचा आम्हा भाषाशास्त्रज्ञांना मोठा अभिमान. औषधाच्या चमचापुढे तो थोडा आवरता घ्यावा!

तोंडी आदेश ऐकणाऱ्याने तो लिहून घ्यावा व पुन्हा वाचून दाखवावा, ही अट अमेरिकेतील रुग्णालयांच्या अधिमान्यतेत २००३ पासून आहे. वऱ्हाडात ती एका टप्प्यावर पाळून भागणार नाही. वैद्याचा आदेश अधिकाऱ्याने वाचून दाखवला, तरी आईने तो काय समजून घेतला हे कोरकूतच विचारावे लागेल, आणि ते विचारणारी बहुधा ‘आशा’च असेल. तिला तापमापक दिले जाते, वजनकाटा दिला जातो. दुभाषा म्हणून तिचे शिक्षण अथवा मानधन कोठे धरलेले दिसत नाही. कोरकू–मराठी वैद्यकीय शब्दावलीचे काम विद्यापीठीय भाषाविभागांनी हाती घ्यावे, आणि त्या शब्दावलीची पहिली प्रत ‘आशां’कडूनच तपासून घ्यावी.