रायनित्झरचा निळा रंग

लिक्विड क्रिस्टलचा इतिहास सांगणारे सगळे ‘दोन द्रवणांकां’पासून सुरुवात करतात. पण मला त्यात खरी गंमत वाटते ती रंगांची, आणि तीच बहुतेक जण एका ओळीत उरकतात.

साल १८८८, गाव प्राग. फ्रीडरिश रायनित्झर हा वनस्पतिशास्त्रज्ञ कोलेस्टेरॉलच्या मागे लागला होता. त्याचं कोलेस्टेरिल बेन्झोएट १४५.५ अंशांना वितळलं, पण झालं दुधासारखं गढूळ. १७८.५ ला एकदम स्वच्छ! थंड करताना मात्र आधी निळा-जांभळा रंग चमकून जायचा, मग पुन्हा गढूळ, आणि गोठायच्या आधी परत रंग. पदार्थ तर रंगहीन. मग रंग आला कुठून? १४ मार्चला त्याने ओटो लेहमानला लांबलचक पत्र धाडलं, सोबत नमुने. लेहमानकडे नमुना तापवत बघता येईल असा, ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक होता. १८८९ मधे लेहमानने ‘वाहते स्फटिक’ जाहीर केले. पुढे टामानसारखे लोक म्हणत राहिले की नमुनाच भेसळीचा आहे. श्रेयाचा वादही झालाच. १९०८ मधे रायनित्झरने आपली बाजू छापली.

आता रंगाचं बघा. इथले रेणू डावे-उजवे भेद असलेले, त्यामुळे त्यांची दिशा चक्री जिन्यासारखी हळूहळू वळत जाते. या जिन्याचा फेरा प्रकाशाच्या तरंगलांबीएवढा असला की तेवढाच रंग परत फिरतो. तोही सगळा नाही! ज्याचं वळण जिन्याशी जुळतं तो अर्धा परत, उरलेला सरळ आरपार. तापमानाने फेरा लहान-मोठा झाला की रंग बदलतो. कपाळावर लावायच्या ताप मोजायच्या पट्ट्या यावरच चालतात. (मायकेलसनला १९११ मधे एका सोनेरी भुंगेऱ्याच्या पाठीवरून असाच वळणदार प्रकाश आलेला दिसला होता. तिथे जिना घट्ट झालेला, इतकंच.)

पण हे झालं गोठण्याआधीच्या रंगाचं. गढूळ होताना क्षणभर दिसलेला पहिला निळा वेगळाच होता. लॉगमधली एखादी विचित्र ओळ आपण ‘नॉइज’ म्हणून सोडून देतो ना, तसा तो जवळजवळ ऐंशी वर्षं बाजूला पडला. १९७० च्या दशकात लोक नीट मागे लागले तेव्हा कळलं, की तिथे वळण एकाच दिशेला नसून एकाच वेळी अनेक दिशांना असतं. त्या अवस्थेला नाव मिळालं ‘ब्लू फेज’. रायनित्झर १९२७ मधेच गेला होता.