कापसाचे वेड आणि आकड्याचा नाद

गरिबाच्या नादाला व्यसन म्हणावे आणि श्रीमंताच्या व्यसनाला धडाडी, अशी आपल्या समाजाची जुनी चाल आहे. मुंबईच्या इतिहासात या दोहोंचे मूळ एकाच जिनसेत सापडते. ती जिन्नस म्हणजे कापूस.

1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि आपल्याकडील कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. तो ठेवायचा कोठे? बँका निघाल्या, कंपन्या निघाल्या, समुद्र बुजवून जमीन करण्याच्या योजना निघाल्या. बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा भाग पन्नास हजारांच्या घरात गेला. प्रेमचंद रायचंद यांचा शब्द हुंडीसारखा चालू लागला. एप्रिल 1865 मध्ये तिकडे युद्ध संपत आले आणि इकडे भाव कोसळले. 1 जुलैला वायद्यांचा हिशेब चुकता करण्याची वेळ आली, तेव्हा अनेकांच्या हाती कागदाखेरीज काही उरले नव्हते. पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. 1864 च्या गणतीत शहराची वस्ती 8,16,562 होती. 1872 मध्ये ती 6,44,405 भरली. वेड पेढीवर लागले, पण त्यापायी ज्यांच्या हातचे काम गेले, त्यांना शहर सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते.

सुमारे शंभर वर्षांनी तोच कापूस चाळीत शिरला. न्यूयॉर्कच्या बाजारातील कापसाचा उघडता आणि बंद होता भाव तारेने मुंबईला येई, आणि त्याच्या आकड्यावर लोक पैसे लावीत. 1961 मध्ये हे भाव येणे थांबले. पण नाद असा थांबतो थोडाच? 1962 साली कल्याणजी भगत यांनी वरळीत, तर 1964 साली रतन खत्री यांनी स्वतंत्रपणे, नवा आकडा काढण्यास सुरुवात केली. मडक्यातून चिठ्ठी काढीत म्हणून नाव पडले मटका. पुढे मडके गेले, पत्ते आले. नाव मात्र राहिले, आणि ‘ओपन’ व ‘क्लोज’ हे बाजाराचे शब्दही राहिले. जुगाराविरुद्ध 1887 पासून कायदा होता. 1969 साली महाराष्ट्र सरकारने स्वतःचीच लॉटरी काढली.

आमचे वडील गिरणीत बदली कामगार होते. बदलीवाला रोज सकाळी दारावर उभा राही. कायम माणूस गैरहजर असेल तर काम, नाही तर घरचा रस्ता. म्हणजे दिवसाचा पहिला आकडा गिरणीच दारात लावून घेत असे! संध्याकाळी चार आणे त्यांनी मटक्यावर लावले, तर त्यात नवल ते काय? आईला मात्र हे शास्त्र पटले नसते. वाण्याची उधारी तिला फेडावी लागे.

18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. वडिलांची गिरणी पुन्हा उघडली नाही. त्यांच्याजवळ लावायला पैसा उरला नाही, तरी ते रोज वहीत आकडा लिहीत. दुसऱ्या दिवशी तो लागला की नाही ते पाहत, आणि वही मिटून ठेवीत. नाद गरजेतून जन्मतो हे आम्ही युनियनच्या सभांतून अनेकदा सांगितले आहे. गरज संपली, किंवा साधनच संपले, तरी तो राहतो, हे त्या वहीने आम्हांला शिकविले.

आज कंत्राटी पोरांच्या हाती मोबाइल आहे. 2025 साली संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. तो योग्यच आहे. परंतु उद्या काम आहे की नाही हे ज्याला आज रात्री ठाऊक नाही, त्याला आकड्यापासून दूर राहा असे सांगताना आमची जीभ अडखळते. पूर्वी आम्ही अशा पोरांना उपदेश करीत असू. आता प्रथम त्यांच्या हजेरीपटाची चौकशी करतो, मग कर्जाची, आणि मग घरी कोण वाट पाहते याची. उपदेशाला त्यानंतरही वेळ उरतो. पण बहुधा तोवर पोरगाच बोलू लागलेला असतो.