कंपन्यांच्या संचालक मंडळांवरील महिला : ‘किमान एक’ची तरतूद, तिचे फलित आणि मर्यादा

नवी दिल्ली : देशातील प्रत्येक सूचिबद्ध कंपनीच्या संचालक मंडळावर किमान एक महिला संचालक असणे कंपनी अधिनियम, २०१३ अन्वये बंधनकारक आहे. ही तरतूद अमलात येण्यापूर्वी भारतीय कंपन्यांच्या संचालक मंडळांवरील महिलांचे प्रमाण सुमारे सहा टक्के होते. २०२२-२३ पर्यंत ते अठरा टक्क्यांच्या आसपास पोहोचल्याचे सल्लागार संस्थांच्या पाहण्यांतून दिसते. दशकभरात झालेली ही तिप्पट वाढ लक्षणीय आहे, यात शंका नाही. मात्र सहा सदस्यांच्या मंडळात एक महिला असली, तरी प्रमाण साडेसोळा टक्क्यांवर जाते. देशाची सरासरी त्यापलीकडे फारशी सरकलेली नाही. कायद्याने आखलेली किमान मर्यादा बहुसंख्य कंपन्यांनी कमाल मर्यादा मानली, असा या आकड्यांचा सरळ अर्थ निघतो.

लोकसभेने कंपनी विधेयक १८ डिसेंबर २०१२ रोजी आणि राज्यसभेने ८ ऑगस्ट २०१३ रोजी मंजूर केले. त्याच महिन्यात राष्ट्रपतींच्या संमतीनंतर त्याचे कायद्यात रूपांतर झाले. १९५६ च्या जुन्या कायद्यात महिला संचालकांचा कोणताही उल्लेख नव्हता. नव्या कायद्यातील कलम १४९ च्या पोटकलम (१) मधील दुसऱ्या परंतुकाने तो प्रथमच आला. ही अट कोणत्या कंपन्यांना लागू होईल, हे २०१४ च्या नियमांनी ठरविले. त्यानुसार सर्व सूचिबद्ध कंपन्या तसेच १०० कोटी रुपये वा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल किंवा ३०० कोटी रुपये वा त्याहून अधिक उलाढाल असलेल्या अन्य सार्वजनिक कंपन्या या कक्षेत येतात. खासगी मर्यादित कंपन्या बाहेरच राहतात. त्यामुळे कोट्यवधी रुपयांची गुंतवणूक मिळविणाऱ्या अनेक नवउद्योगांना भांडवली बाजारात उतरण्याची वेळ येईपर्यंत महिला संचालकांचा विचार करण्याचे कायदेशीर कारण नसते.

तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू झाली आणि विद्यमान कंपन्यांना वर्षभराची मुदत मिळाली. भांडवली बाजार नियामक ‘सेबी’नेही सूचिबद्धता करारातील कलम ४९ मध्ये हीच अट घातली. आधी त्यासाठी १ ऑक्टोबर २०१४ ही तारीख होती, ती पुढे १ एप्रिल २०१५ करण्यात आली.

अखेरच्या आठवड्यातील धावपळ

वर्षभराची मुदत असूनही अनेक कंपन्यांनी मार्च २०१५ च्या अखेरच्या दिवसांपर्यंत वाट पाहिली. त्या आठवड्यांत शेअर बाजारांकडे महिला संचालकांच्या नियुक्तीच्या सूचनांची रीघ लागली. तरीही मुदत उलटली तेव्हा शेकडो कंपन्यांच्या मंडळांवर एकही महिला नव्हती. ‘सेबी’ने एप्रिल २०१५ मध्ये दंडाचे टप्पे जाहीर केले. जूनअखेरपर्यंत पूर्तता करणाऱ्या कंपनीला ५० हजार रुपये, त्यानंतर सप्टेंबरअखेरपर्यंत ५० हजार रुपये अधिक प्रतिदिन एक हजार रुपये आणि १ ऑक्टोबरपासून १ लाख ४२ हजार रुपये अधिक प्रतिदिन पाच हजार रुपये, असे ते टप्पे होते. मोठ्या कंपनीच्या ताळेबंदात ही रक्कम शोधूनही सापडणार नाही. परंतु दंडाची नोंद जाहीर होते आणि गुंतवणूकदार ती वाचतात. त्या लाजेचा परिणाम रकमेपेक्षा अधिक झाला असावा.

या धावपळीत एक पळवाट उघडी राहिली. महिला संचालक स्वतंत्र असावी, असे कायद्यात म्हटलेले नव्हते. परिणामी अनेक प्रवर्तकांनी पत्नी, कन्या, बहीण किंवा स्नुषा यांची मंडळावर वर्णी लावली आणि अट पूर्ण झाल्याचे कळविले. ग्रामपंचायतीत महिलेसाठी राखीव झालेल्या जागेवर पत्नीला उभे करून कारभार स्वतःच्या हाती ठेवणाऱ्या ‘सरपंच पतीं’ची आठवण त्या काळी अनेकांना झाली. तुलना अगदीच गैर नव्हती. मात्र ती एकतर्फीही होती. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून गावपातळीवर एक तृतीयांश जागा महिलांना दिल्या आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये ते प्रमाण निम्म्यावर नेले. या काळात नावापुरत्या निवडून आलेल्या कित्येक महिलांनी पुढे कारभाराची सूत्रे खरोखरच हाती घेतली. प्रवर्तक कुटुंबातील महिला म्हणजे केवळ सही करणारी व्यक्ती, असे सरसकट मानणेही चुकीचे ठरते.

पुण्याच्या थरमॅक्स कंपनीचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. रोहिंटन आगा यांच्या निधनानंतर १९९६ मध्ये त्यांच्या पत्नी अनु आगा यांच्याकडे कंपनीचे अध्यक्षपद आले. काही वर्षांतच कंपनी तोट्यात गेली आणि समभागाचा भाव कोसळला. तेव्हा आगा यांनी बाहेरील सल्लागार आणले, संचालक मंडळाची फेररचना केली आणि कंपनी पुन्हा नफ्यात आली. २००४ मध्ये त्यांनी अध्यक्षपद कन्या मेहेर पदमजी यांच्याकडे सोपविले. हे सारे कोणत्याही कायदेशीर सक्तीशिवाय घडले. त्याआधीही मुंबईच्या सिंदिया नौवहन कंपनीची धुरा सुमती मोरारजी यांनी वाहिली होती, तर १९९३ मध्ये तर्जनी वकील निर्यात-आयात बँकेच्या अध्यक्षा झाल्या होत्या. त्यांची नावे आजही आवर्जून घेतली जातात. मुळात ती इतकी थोडी असल्यामुळेच कायद्याची गरज भासली.

स्वतंत्र महिला संचालक

पळवाट बुजविण्याचे काम कोटक समितीने केले. बँकर उदय कोटक यांच्या अध्यक्षतेखाली ‘सेबी’ने जून २०१७ मध्ये नेमलेल्या या समितीने ऑक्टोबर २०१७ मध्ये अहवाल दिला. प्रत्येक सूचिबद्ध कंपनीत किमान एक स्वतंत्र महिला संचालक असावी, ही त्यातील एक शिफारस होती. ‘सेबी’ने मार्च २०१८ मध्ये ती टप्प्याटप्प्याने स्वीकारली. बाजारमूल्यानुसार पहिल्या ५०० कंपन्यांसाठी १ एप्रिल २०१९ आणि पहिल्या १,००० कंपन्यांसाठी १ एप्रिल २०२० या तारखा निश्चित झाल्या. या यादीखालील हजारो सूचिबद्ध कंपन्यांना जुनीच अट लागू राहिली; तेथे नातेवाईक महिला आजही चालते.

‘स्वतंत्र’ या शब्दाला कायद्यात नेमका अर्थ आहे. अशी व्यक्ती प्रवर्तक नसावी, प्रवर्तकांची किंवा संचालकांची नातेवाईक नसावी आणि कंपनीशी तिचे ठरावीक मर्यादेपलीकडे आर्थिक संबंध नसावेत, असे कलम १४९ (६) सांगते. सूचिबद्ध कंपनीच्या मंडळात किमान एक तृतीयांश संचालक स्वतंत्र असावे लागतात. लेखापरीक्षण समितीत त्यांचे बहुमत असते. संबंधित पक्षांशी होणारे व्यवहार, वरिष्ठ अधिकाऱ्यांचे वेतन, लेखापालांची नियुक्ती अशा प्रश्नांवर प्रवर्तकांना अडचणीचे ठरणारे प्रश्न विचारणे ही त्यांचीच जबाबदारी मानली जाते. १ जानेवारी २०२२ पासून सूचिबद्ध कंपन्यांतील स्वतंत्र संचालकांच्या नियुक्तीसाठी भागधारकांचा विशेष ठराव लागतो. म्हणजे विरोधी मतांच्या किमान तिप्पट मते बाजूने पडावी लागतात. त्यामुळे प्रवर्तकाची मर्जी पुरेशी ठरत नाही. प्रवर्तकांकडे बहुमत असलेल्या कंपन्यांत तिचे वजन अजूनही मोठे आहे, ही गोष्ट अलाहिदा.

सरकारी कंपन्यांची स्थिती मात्र काहीशी विचित्र आहे. तेथे संचालकांची नियुक्ती मंडळ करीत नाही, ती संबंधित मंत्रालयाकडून होते. मंत्रालयाकडून नाव येईपर्यंत खुर्ची रिकामी राहते, दरम्यान शेअर बाजार नियमानुसार दंड आकारतात आणि ‘नियुक्तीचा अधिकार आमच्याकडे नाही’ असे कळवून कंपनी दंडमाफीची विनंती करते. सार्वजनिक क्षेत्रातील बड्या तेल आणि वायू कंपन्यांबाबत हा प्रकार वारंवार घडला आहे. कायदा करणारे सरकार आणि त्याची पूर्तता लांबविणारे सरकार एकच असल्याने या दंडाचा अर्थ काय, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. दुसरीकडे, स्टेट बँकेत अरुंधती भट्टाचार्य यांची २०१३ मध्ये आणि ‘सेल’मध्ये सोमा मंडल यांची २०२१ मध्ये अध्यक्षपदी निवड झाली. या दोन्ही संस्थांच्या इतिहासातील त्या पहिल्या महिला अध्यक्षा होत.

नॉर्वेचा प्रयोग

भारताने एका जागेची अट घातली, तर युरोपातील अनेक देशांनी टक्केवारीचा मार्ग धरला. त्याची सुरुवात नॉर्वेने केली. तेथील तत्कालीन व्यापारमंत्री आन्सगर गॅब्रिएल्सन यांनी २००२ मध्ये मंडळांवर ४० टक्के महिलांची कल्पना मांडली. ते परंपरावादी पक्षाचे होते आणि या घोषणेने त्यांचे सहकारीही चकित झाले होते. २००३ मध्ये कायदा झाला. आधी कंपन्यांना स्वेच्छेने पूर्ततेची संधी मिळाली. ती साधली गेली नाही, तेव्हा सक्ती आली आणि १ जानेवारी २००८ ही अंतिम तारीख ठरली. पूर्तता न करणाऱ्या कंपनीला दंड नव्हता. थेट विसर्जनाची तरतूद होती. प्रमाण ४० टक्क्यांवर गेले, यात नवल नाही.

पुढील दोन दशके या प्रयोगाचा अभ्यास होत राहिला आणि निष्कर्ष परस्परविरोधी निघाले. अहर्न आणि डिटमार या अभ्यासकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधानुसार सक्तीमुळे कंपन्यांचे बाजारमूल्य घटले. त्याच विदेचा नंतर झालेला फेरविचार हा परिणाम सांख्यिकीय कसोटीवर टिकत नसल्याचे सांगतो. मरियान बर्ट्रांड आणि सहकाऱ्यांचा निष्कर्ष अधिक विचार करायला लावणारा आहे. नव्याने मंडळावर आलेल्या महिला आधीच्या महिला संचालकांपेक्षा पात्रतेत सरस होत्या, मंडळातील स्त्री-पुरुष वेतनातील तफावतही कमी झाली. पण त्याच कंपन्यांत खालच्या पदांवर काम करणाऱ्या महिलांच्या वाट्याला त्यातून फारसे काही आले नाही. मोजक्याच महिलांकडे अनेक मंडळांची सदस्यत्वे एकवटल्याची टीकाही तेथे झाली आणि त्यांना ‘गोल्डन स्कर्ट’ असे खोचक नाव पडले. एकाच वेळी अनेक मंडळांवर बसणाऱ्या पुरुषांना असे नाव कोणी दिले नव्हते. भारतात मात्र ही शक्यता नियमांनीच सीमित केली आहे. एका व्यक्तीला १ एप्रिल २०२० पासून सातपेक्षा अधिक सूचिबद्ध कंपन्यांत संचालकपद भूषविता येत नाही.

फ्रान्सने २०११ च्या कायद्याने ४० टक्क्यांचे लक्ष्य स्वीकारले, तर जर्मनीने मोठ्या कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळांसाठी ३० टक्क्यांचे. युरोपीय संघाच्या २०२२ च्या निर्देशानुसार सदस्य देशांतील मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांना बिगर-कार्यकारी संचालकांत ४० टक्के किंवा सर्व संचालकांत ३३ टक्के प्रमाण गाठायचे असून त्यासाठी ३० जून २०२६ ही तारीख देण्यात आली. ब्रिटनने सक्ती टाळून स्वेच्छेच्या लक्ष्यांवर भर दिला. अमेरिकेत वारे उलट वाहिले. कॅलिफोर्नियाचा २०१८ चा कायदा तेथील न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द ठरविला.

नावे कोठून येणार?

‘पात्र महिला मिळत नाहीत’ ही तक्रार २०१४ मध्ये सर्रास ऐकू येत असे. तिच्यात तथ्यापेक्षा सवयीचा भाग मोठा होता. नामनिर्देशन समित्या बहुधा माजी मुख्य कार्यकारी आणि माजी वित्त अधिकारी यांच्यातच शोध घेतात. या पदांवर महिला थोड्या, म्हणून यादीही छोटी, असे हे चक्र आहे. कायदेतज्ज्ञ, सनदी लेखापाल, माजी प्रशासकीय अधिकारी, शास्त्रज्ञ, प्राध्यापक यांच्याकडे वळलेल्या कंपन्यांना नावे मिळाली. डिसेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने मानेसर येथील भारतीय कॉर्पोरेट व्यवहार संस्थेकडे स्वतंत्र संचालकांच्या विदापेढीचे काम सोपविले. तेथे नाव नोंदवून ऑनलाइन परीक्षा देता येते, अनुभवी व्यक्तींना तीतून सूटही आहे. ओळखीपाळखीबाहेर शोध घेण्याचे साधन आता उपलब्ध आहे. ते वापरायचे की नाही, हे कंपनीवर अवलंबून असते.

अवघड भाग मंडळाच्या खालचा आहे. स्वतंत्र संचालक वर्षातून काही बैठकांना येतात. कंपनी चालवितात ते कार्यकारी संचालक आणि व्यवस्थापक. मंडळांवरील महिला प्रामुख्याने बिगर-कार्यकारी आहेत, मंडळाच्या अध्यक्षपदी पोहोचलेल्या तर फारच थोड्या. त्यातही प्रवर्तक कुटुंबांतून आलेल्या किंवा स्वतःच कंपनी उभारणाऱ्या महिला ठळकपणे दिसतात. बायोकॉनच्या किरण मजुमदार-शॉ, एचसीएल टेकच्या रोशनी नाडर मल्होत्रा, नायकाच्या फाल्गुनी नायर ही त्यांतील परिचित नावे. व्यवस्थापनाच्या पायऱ्या चढत मुख्य कार्यकारी पदापर्यंत गेलेल्या महिलेचे उदाहरण द्यायचे तर मूळच्या कोल्हापूरच्या लीना नायर यांचे देता येईल. हिंदुस्तान लीव्हरमधून कारकीर्द सुरू करून त्या जानेवारी २०२२ मध्ये शनेल या फ्रेंच कंपनीच्या मुख्य कार्यकारी झाल्या.

या खालच्या पायऱ्यांची मोजणी आता होऊ लागली आहे. २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना उद्योग दायित्व आणि शाश्वतता अहवाल सादर करावा लागतो. त्यात संचालक मंडळ, प्रमुख व्यवस्थापकीय पदे आणि एकूण कर्मचारी यांतील महिलांचे प्रमाण स्वतंत्रपणे नोंदवायचे असते. मंडळाच्या रकान्यातील आकडा आणि त्याखालच्या रकान्यातील आकडा शेजारी ठेवले, की कंपनीने अट पाळली आहे की धोरण स्वीकारले आहे, हे वाचकाला बऱ्याच अंशी कळते.

स्वतंत्र संचालकाला पाच वर्षांचा एक, असे सलग दोनच कार्यकाळ मिळतात. त्यानंतर तीन वर्षे त्याच कंपनीत स्वतंत्र संचालक म्हणून परतता येत नाही. त्यामुळे २०१४-१५ मध्ये आणि त्या सुमारास आलेल्या पहिल्या पिढीतील स्वतंत्र महिला संचालकांना २०२४ पासून पायउतार व्हावे लागू लागले. महिला संचालकांची जागा रिक्त झाल्यास ती मंडळाच्या लगतच्या बैठकीपर्यंत किंवा तीन महिन्यांत, यांपैकी जे नंतर येईल त्या मुदतीत, भरली पाहिजे, असे कंपनी नियम सांगतात. मंडळावर महिला एकच असेल, तर तिच्या जागी महिलाच आणावी लागते. दोन असतील, तर दुसरीच्या जागेबाबत कायदा काहीही बोलत नाही.