साडेतीन आण्यांची कुळी

शनिवार-रविवारी तिकोणा पेठेत गडावर चढणाऱ्यांची रीघ लागते. बहुतेकांच्या अंगात टी-शर्ट असतो. त्याची बाही उलटी करून पाहा: उभे-आडवे धागे दिसत नाहीत, एकात एक अडकलेले फास दिसतात. हे होजिअरीचं कापड. याच्या नऊ प्रकारांवरचं आयात शुल्क केंद्राने २०२५च्या अर्थसंकल्पात वाढवलं: २० टक्के किंवा किलोमागे ११५ रुपये, यांतलं जे जास्त असेल ते.

‘जे जास्त असेल ते’ हे शेपूट मी आधी १९३०च्या कायद्यात पाहिलं होतं. सुती कापड उद्योगाला संरक्षण देणारा तो कायदा. विलायती कापडावर १५ टक्के, इतर परदेशी कापडावर २० टक्के आणि साध्या कोऱ्या कापडावर निदान पौंडामागे साडेतीन आणे. रोख मुख्यतः जपानी मालावर होता. टक्केवारीची खोड अशी, की माल जितका स्वस्त तितकं शुल्कही कमी. म्हणजे धोका वाढतो तेव्हाच कुंपण खाली येतं. वजनाला मात्र भाव कळत नाही. आजचा हिशेब घ्या. ३०० रुपये किलोच्या कापडावर २० टक्के म्हणजे ६० रुपये, पण द्यावे लागतात ११५. किलोला ५७५ रुपयांच्या खालचं सगळं कापड याच कचाट्यात सापडतं.

१९३०च्या आधीचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. आपली छिटं रोखायला इंग्लंडने १७०० आणि १७२१ मध्ये कायदे केले. इथे मात्र १८८२ मध्ये कापडावरचं आयात शुल्कच काढून टाकलं. १८९६ मध्ये साडेतीन टक्के लावलं, तेव्हा मँचेस्टरचं मन राखायला तेवढंच उत्पादन शुल्क आपल्या गिरण्यांच्या कापडावरही बसवलं. तो अन्याय १९२६ मध्ये संपला. १९३०च्या कायद्यातही विलायतेला पाच टक्क्यांची सवलत होतीच. तिच्या निषेधार्थ मदनमोहन मालवीयांनी कायदेमंडळ सोडलं. त्याच वर्षी १२ डिसेंबरला आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा गिरणी कामगार बाबू गेनू काळबादेवीला परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला आणि चिरडला गेला.

पण साडेतीन आण्यांची कुळी कुठली? अभ्यासक युरोपकडे बोट दाखवतात. त्यांच्या बाजूने पुरावा आहे: इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या आरंभीच छापील कापडावर वाराच्या मापाने कर होता. तरी मला ही कुळी घरची वाटते, आणि त्याला कारण कापड नसून मीठ आहे.

डिसेंबर १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळचा सरसुभेदार नरहरी आनंदराव याला पत्र लिहिलं. पोर्तुगीजांच्या बारदेशात मीठ स्वस्त, म्हणून व्यापारी तिकडे वळत होते आणि स्वराज्यातली मिठागरं धोक्यात आली होती. उपाय सांगितला तो असा: बारदेशचं मीठ संगमेश्वरच्या मिठापेक्षा महाग पडेल इतकी जकात बसवा. दर आधी ठरवून मग किंमत पाहायची, असं इथे नाही. आधी दोन किमतींतलं अंतर पाहायचं आणि ते भरून निघेल एवढा दर लावायचा. १९३० मध्ये आणि २०२५ मध्ये दुसरं काय केलं?

यावर आक्षेप असा, की महाराजांना खजिन्याची चिंता होती, उद्योगाची नव्हे. मला तो पटत नाही. उत्पन्नासाठी जकात लावणारा दर असा ठेवतो की माल येत राहावा. इथे दर असा, की व्यापाऱ्याने ती वाटच सोडावी. खजिन्याचा फायदा झाला असेल, पण तो मीठ स्वराज्यातलं खपलं म्हणून.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: १६७१ आणि १९३० यांना जोडणारा कागद कुठे? माझं उत्तर घाटात आहे. तिकोणा, तुंग, लोहगड, विसापूर ज्या पवन मावळावर आणि घाटवाटांवर नजर ठेवत, तिथून माल बैलांवर चढे. चौकीवरचा कारकून गोणी सोडून बाजारभाव विचारत बसणार नाही. तो बैल मोजणार, ओझ्यामागे जकात घेणार. मापावर कर घ्यायची ही सवय एकट्या युरोपची नाही. इंग्रजांनी १८३८ मध्ये मुंबई इलाख्यातल्या वाटेवरच्या जकाती बंद केल्या, १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे गेली आणि मँचेस्टरचं कापड बिनाअडथळा देशावर आलं. चौकी गेली, तरी तिची रीत व्यापाऱ्यांच्या डोक्यातून गेली नसणार. पुढे संरक्षण मागणाऱ्या मुंबईच्या गिरणीमालकांना वजनाचा हिशेब परका वाटला नाही, तो यामुळेच, असं मी मानतो.

आणि वाटेवर माल अडवण्याची चौकीची रीत अजून संपलेली नाही. होजिअरीचं कापड अडवलं तरी त्याच कापडाचे शिवलेले कपडे बांगलादेशातून शुल्काविना येऊ शकतात. १७ मे २०२५ला सरकारने दराला हात न लावता वाटच अडवली: बांगलादेशचे तयार कपडे जमिनीवरच्या कोणत्याही नाक्यातून येणार नाहीत, फक्त कोलकाता आणि न्हावा शेवा या दोन बंदरांतून येतील. न्हावा शेव्याला उतरलेला माल पुण्याकडे निघाला, की त्याला पुन्हा बोरघाटच चढावा लागतो.