बाटलीवर आईचं नाव

आजचा भाग छोटा. विषय नाशिकचा, पण बोलतोय अकोल्यातून.

आमच्याकडे वावराला नाव असतं. बाभळीचं वावर, नदीकाठचं वावर. सातबाऱ्यावर मात्र ओळख गट नंबरची. गंगापूर धरणाजवळच्या एका वावराचं नाव पार परदेशात गेलं.

राजीव सामंत स्टॅनफर्डला शिकले, ओरॅकलमध्ये होते. नव्वदच्या दशकात नोकरी सोडून घरच्या जमिनीवर आले. (आम्ही सॉफ्टवेअरवाले हे स्वप्न दर सोमवारी बघतो, जाऊ द्या.) आधी आंबे लावून पाहिले, खायची द्राक्षंही. १९९७ च्या सुमारास वाइनच्या जाती लावल्या, २००० मध्ये पहिली वाइन बाजारात आली. राज्याचं वाइन धोरण आलं २००१ मध्ये, म्हणजे माणूस धोरणाच्याही आधी! नाव ठेवलं सुला. आई सुलभा, त्यावरून. पुढे एका शिराझला तर तालुक्याचंच नाव दिलं, दिंडोरी.

मी अडकलो ते आईच्या नावापाशी. याच नाशिक जिल्ह्यात, चांदवडला, १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं होतं. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती काढली. गावातल्या शंभर जणांनी बायकोच्या नावावर जमीन केली, की ते गाव लक्ष्मीमुक्त. बाटलीवरचं नाव कौतुकाचं, पण पीककर्ज मिळतं ते सातबाऱ्यावरच्या नावाला.

आमच्या बाभळीच्या वावरात निंदण, वेचणी सगळं आजीनं केलं. तिचं नाव सातबाऱ्यावर चढलं आजोबा गेल्यावर, वारस म्हणून.