शून्य ते दोन मिलिग्रॅम

एप्रिल 2010 मध्ये मी सातवीत होतो. 19 तारखेला आजोबांची बायपास होती आणि त्यासाठी मावशी 16 तारखेला लंडनहून निघणार होती. ती आलीच नाही. आइसलँडमध्ये एक ज्वालामुखी फुटला होता आणि हीथ्रोवरून विमानं उडायची थांबली होती. विमान कंपनीचा फोन दोन दिवस लागत नव्हता. मावशी आईला पुन्हा पुन्हा सांगायची, "अगं, इथे आभाळ निळंशार आहे. राख आहे कुठे?" ती पोचली 24 तारखेला. तोवर आजोबा आयसीयूतून बाहेर येऊन मोसंबीच्या रसावरून नर्सशी वाद घालत होते. पण "उगाच बंद केलं सगळं" हे मावशीचं वाक्य घरात कायमचं राहिलं.

मागच्या वर्षी ऑफिसात मी एका रात्री शंका आली म्हणून एक रिलीज थांबवलं. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये प्रश्न आला, "काही झालं तर नाही ना? मग थांबवलं कशाला?" मला एकदम मावशी आठवली. त्या आठवड्यात मी ज्वालामुखीबद्दल मिळेल ते वाचून काढलं.

गोष्ट सुरू होते 1982 मध्ये. 24 जूनला ब्रिटिश एअरवेजचं जम्बो जेट लंडनहून मुंबई, मद्रास, क्वालालंपूर करत ऑस्ट्रेलियाकडे निघालं होतं. जावा बेटाजवळ ते रात्रीच्या अंधारात गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि चारही इंजिनं बंद पडली. ही राख म्हणजे चुलीतली राख नव्हे. ती असते दगडाची आणि काचेची बारीक पूड. इंजिनातल्या उष्णतेनं ती वितळते आणि आतल्या पात्यांवर जाऊन चिकटते. विमान कितीतरी हजार फूट खाली आल्यावर इंजिनं पुन्हा सुरू झाली आणि ते जाकार्ताला उतरलं. 1989 मध्ये अलास्कावर केएलएमच्या विमानाचंही हेच झालं. त्यानंतर जगभर राखेवर नजर ठेवणारी केंद्रं उभी राहिली, आणि नियम ठरला तो एका शब्दाचा: टाळा. किती राख चालेल? शून्य.

इंडोनेशिया किंवा अलास्कात हा नियम परवडत होता. राखेला वळसा घालून जाता येतं. 14 एप्रिल 2010 ला एयाफ्यातलायोकुतलची राख थेट युरोपवर आली, तिथे वळसा घालायला जागाच नव्हती. पुढच्या सहा-सात दिवसांत सुमारे एक लाख उड्डाणं रद्द झाली आणि जवळजवळ एक कोटी प्रवासी अडकले. विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेनं नुकसानीचा अंदाज दिला तो 170 कोटी डॉलरचा.

पहिले दोन दिवस कंपन्या गप्प होत्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सूर बदलला. लुफ्तान्सा आणि केएलएमनं रिकामी विमानं उडवून पाहिली. 18 एप्रिलला ब्रिटिश एअरवेजचे प्रमुख विली वॉल्श स्वतः चाचणी विमानात बसले. विमान अटलांटिकवर फिरून कार्डिफला सुखरूप उतरलं. संघटनेनं युरोपच्या सरकारांवर उघड टीका केली: तुम्ही कॉम्प्युटरच्या अंदाजावर निर्णय घेता, प्रत्यक्ष मोजमापावर नाही.

माध्यमांचा प्रवासही तसाच झाला. आधी लाव्हाची दृश्यं आणि ज्वालामुखीचं नाव उच्चारताना निवेदकांची उडणारी तारांबळ. मग विमानतळावर झोपलेली माणसं, आणि ऑस्लोहून थेट ब्रसेल्सपर्यंत टॅक्सीनं गेलेला विनोदी नट जॉन क्लीज. मग प्रश्न: एवढं करायची गरज होती का? केनियातल्या फुलबागांमध्ये फुलं सडत होती आणि मजुरांचा रोजगार बुडत होता, पण ती बातमी कोपऱ्यात राहिली. फिनलंडच्या लढाऊ विमानांच्या इंजिनांत काचेचे थर सापडले होते, त्याचे फोटोही बाहेर आले होते. पण निळं आभाळ आणि सुखरूप उतरलेलं विमान हे दृश्य त्या फोटोंपेक्षा जास्त पटण्यासारखं होतं.

20 एप्रिलच्या रात्री ब्रिटनचं आकाश उघडलं. राख संपली नव्हती, नियम बदलला होता. इंजिन बनवणाऱ्यांशी बोलून नवी मर्यादा ठरली: एका घनमीटर हवेत दोन मिलिग्रॅमपर्यंत चालेल.

मी इथेच अडकलो. 1982 पासून 28 वर्षं जो आकडा कुणी दिला नव्हता, तो सहा दिवसांत कसा निघाला? शून्य सगळ्यांच्याच सोयीचं होतं. नियामकांना जबाबदारी नको होती, इंजिनवाल्यांना हमी द्यायची नव्हती आणि कंपन्यांना त्याची झळ बसत नव्हती. झळ बसली तेव्हाच आकडा सापडला.

मग मावशी बरोबर होती? 2011 मध्ये आइसलँड आणि कोपनहेगनच्या शास्त्रज्ञांनी त्या पहिल्या दिवसांची राख तपासली. कण इतके टणक आणि धारदार होते, की दोन आठवडे पाण्यात घुसळूनही त्यांची धार गेली नाही. धोका खरा होता, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे थांबवणं चूक नव्हतं. चूक होती ती शांत वर्षांत मोजमाप न करण्याची. चाचणीचं एक विमान सुखरूप उतरलं यावरून रोजची हजारो विमानं सुखरूप उतरतील असं म्हणता येत नाही. एकदा टेस्ट पास झाली म्हणून कोड बरोबर ठरत नाही, तसंच.

प्रवाशांचा हिशोब त्याहून उशिरा झाला. अडकलेल्यांच्या जेवणा-राहण्याचा खर्च द्यायला रायनएअरनं आधी नकार दिला, मग टीका झाल्यावर माघार घेतली. तरी डब्लिनच्या एका प्रवाशाचा दावा युरोपच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 31 जानेवारी 2013 ला निकाल आला: ज्वालामुखी असला तरी प्रवाशांची काळजी घेण्याचं बंधन सुटत नाही. सहा दिवसांच्या गोंधळाचं उत्तर मिळायला पावणेतीन वर्षं लागली.

हे सगळं मी मावशीला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "बरं, विमान थांबवलं ते ठीक. पण फोन तरी उचलायचा होता रे."

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ऑफिसात मात्र मी एक काम केलं. रिलीज कधी थांबवायचं, किती चुका दिसल्या की थांबवायचं आणि तेव्हा कुणाला कळवायचं, हे आकड्यांत लिहून टीमपुढे ठेवलं. सगळं सुरळीत चालू असताना.